ओट्याची उंची कुणी ठरवली?

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझी लेक पुण्याहून बिलोलीला आली आणि आल्या आल्या टेप घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरली. ओटा मोजला, फडताळ मोजलं, मग माझ्या सासूबाईंना भिंतीशी उभं करून त्यांच्या कोपरापर्यंतचं माप घेतलं.

"अगं माय, कपडे शिवायलीस की काय माझे?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही गं आज्जी, हा ओटा तुझ्या मापाचा आहे का, ते बघायलेय."

नव्हता! चांगला चार इंच उंच निघाला. आम्ही सासूसुना दोघीही बुटक्या. इतकी वर्षं खांदे उचलून पोळ्या लाटत होतो आणि रात्री बाम चोळत होतो. ओटा बांधताना गवंड्यानं विचारलं ते घरातल्या पुरुषांना. राबणाऱ्या बाईला विचारायचं असतं, हे आम्हालाच तेव्हा कुठं माहीत होतं!

माझी ही लेक आर्किटेक्ट व्हायला निघालीय. आपल्याकडे हुशार मूल म्हटलं की लातूर नाहीतर नांदेडचे क्लास, आणि पुढं डॉक्टर. हिनं बारावीत जाहीर केलं, "मला आर्किटेक्चर करायचंय." घरात शांतता पसरली. एक नातेवाईक म्हणाले, "बरं झालं, आमचं दार कोणत्या दिशेला हवं ते सांगशील." दुसरे म्हणाले, "घरं तर सिव्हिल इंजिनियरच बांधतात की!" मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, मलाही फरक सांगता येईना. तिनंच समजावलं. इमारत पडणार नाही, तिचा भार नीट पेलला जाईल, हे इंजिनियर बघतो. त्या इमारतीत माणसं कशी वावरतील, उजेड-वारा कुठून येईल, म्हातारी माणसं पायरी कशी चढतील, हा विचार आर्किटेक्ट करतो. दोघंही लागतात.

ह्यांची काळजी वेगळीच. पाच वर्षांचं शिक्षण, मुलगी इतक्या लांब, मग लग्न कधी? खरं सांगते, मीही डळमळले होते. पण मला माझं माहेर आठवलं.

माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. चार वाजायच्या सुमाराला जमीन हादरली. मी शाळेत होते. आमच्या घराची एक भिंत फाटली, माणसं वाचली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं झोपेतच गेली. दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती भक्कम वाटायच्या, पण कित्येक घरांत दगड मातीत नुसते रचलेले, एकमेकांत गुंतवलेलेच नव्हते. वर माळवदाची जड माती. भूकंपापेक्षा घरांनीच माणसं जास्त मारली. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की मिळाली, पण सरळ रेषेतल्या त्या रांगांत जुनं अंगण, शेजारणीचा ओसरीवरून येणारा आवाज हरवला, असं माझी मावशी कायम म्हणायची. घर मजबूत हवं आणि आपलंही वाटायला हवं. लेकीला हेच शिकायचं होतं. मी ह्यांना म्हटलं, "जाऊ द्या तिला."

ज्यांच्या मुलींना या वाटेनं जायचंय त्यांच्यासाठी थोडी माहिती. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवंच. दहावीनंतर गणित असलेला तीन वर्षांचा डिप्लोमा केला तरी चालतं. 'नाटा' ही प्रवेश परीक्षा असते. त्यात चित्रं, निरीक्षण आणि तर्क तपासतात. एनआयटीसारख्या संस्थांसाठी 'जेईई मेन'चा वेगळा पेपर आहे. पदवी पाच वर्षांची, आणि मध्ये काही महिने एखाद्या आर्किटेक्टच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. पदवीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करावी लागते. १९७२ च्या कायद्यानुसार त्याशिवाय कुणालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. पुण्यात कर्वे संस्थेचं खास मुलींचं आर्किटेक्चर कॉलेज १९९४ पासून आहे. २०२४ पासून राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलंय. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

फी माफ झाली तरी खर्च संपत नाही. कागद, पुठ्ठे, कॉम्प्युटर, छपाई, होस्टेल... आणि जागरणं! दुसऱ्या वर्षी तीन रात्री जागून केलेलं मॉडेल परीक्षकांनी दोन मिनिटांत बाजूला सारलं. फोनवर रडत म्हणाली, "आई, मी परत येते." माझ्या तोंडावर 'ये' आलं होतं. पण मी विचारलं, "काय चुकलं ते कळलं का?" बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हो. जिना अंधारात गेला होता." म्हटलं, "मग खिडकी काढ आणि झोप." परत आली नाही.

तिच्याकडूनच कळलं, पेरीन मिस्त्री या पारशी बाई १९३६ मध्ये मुंबईच्या जे. जे. मधून आर्किटेक्ट झाल्या. भारतातल्या त्या पहिल्या मानल्या जातात. तेव्हा त्यांच्या घरीही लग्नाची काळजी झालीच असेल, नाही का?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटातल्या एकीला घरकुल मंजूर झालं. सरकारी नियमानं स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. एवढ्याशा जागेत काय करणार? लेकीनं तिच्याशी तासभर बोलून वहीच्या पानावर नकाशा काढला. समोरासमोर खिडक्या, चुलीचा धूर बाहेर जाईल अशी जागा, आणि संडासाचं दार रस्त्याकडून वळवून आतल्या बाजूला. गवंडी हसला, "पोरीच्या कागदावर घर बांधायचं का?" ती बाई एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. पण कमरेला पदर खोचून म्हणाली, "भाऊ, या घरात मी राहणारे. कागदात हाय तसंच बांधायचं." तसंच बांधलं. ओटा तिच्या कोपराच्या मापानं.

लेक शिकून बिलोलीला परतेल की पुण्यातच राहील, मला माहीत नाही. लग्नाचं स्थळ अजून कुणी सुचवलं की ह्यांचा जीव खालीवर होतो. पण त्या घरकुलात मी चहा प्यायला गेले, तेव्हा दुपारच्या उन्हातही आत वारा खेळत होता.

मैत्रिणींनो, तुमची मुलगी वहीच्या मागच्या पानावर घरं काढत असेल तर तिला रागावू नका. आणि तुमचं घर बांधायला काढलं, तर टेप स्वतःच्या हातात घ्या. आमचा ओटाही येत्या पाडव्याआधी फोडायचा ठरलाय. चार इंच कमी!