संत्र्याचा सुगंध, तिळाचा आधार

हेमंत ऋतूत नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार तुमसरच्या बाजारात असतो आणि अभ्यंगतेलांची मागणीही याच दिवसांत वाढते. साल सोलताना दरवळणारा ताजा गंध तेलालाही असावा, अशी ग्राहकाची इच्छा स्वाभाविक आहे. ती पुरविण्यासाठी तयार तेलात संत्र्याच्या सालीचे तेल मिसळणे सोपे असले, तरी हा गंध कशाच्या आधारावर व किती काळ निर्दोष राहतो, याचा विचार वैद्य आणि फार्मसीचालक या दोघांनीही करावा, असे आम्हांस वाटते.

गंधयुक्ती हा आपल्याकडे शास्त्राचा विषय होता. वराहमिहिराने बृहत्संहितेत तिच्यासाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी अभ्यासकांपुढे आणलेल्या ‘गंधवाद’ या ग्रंथावर तर जुनी मराठी टीका आहे. तिळांना फुलांचा वास देऊन मग ते गाळण्याची जुनी पद्धत सर्वपरिचित आहे. स्नेह गंध धरून ठेवतो, हे तिचे मर्म होय.

संत्र्याच्या सालीतील उडनशील तेलाचा बहुतांश भाग लिमोनीन या द्रव्याचा असतो. तो हलका असल्याने प्रथम जाणवतो व प्रथम उडून जातो. मागे उरतो तो तिळाचा उबदार, खमंग गंध. म्हणूनच साल कल्कात घालून तैलपाक केल्यास द्रवाच्या वाफेबरोबर सुगंध निघून जातो आणि कडवटपणा तेवढा उरतो. कापराप्रमाणे पात्रपाकाच्या वेळी, तेल गाळून निवल्यावरच हे द्रव्य मिसळणे युक्त ठरते.

खरा धोका पुढे आहे. ताजे लिमोनीन त्वचेला फारसे बाधत नाही. परंतु हवेशी संयोग होऊन त्यापासून जी द्रव्ये बनतात, ती संपर्कजन्य त्वचाविकारास कारण होतात. युरोपीय संघाने 2005 पासून, त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात लिमोनीन 0.001 टक्क्यांहून अधिक असल्यास वेष्टनावर त्याचा नामनिर्देश बंधनकारक केला. तिळातील सिसॅमॉलसारखी द्रव्ये तिळाच्या स्नेहाला लवकर खवट होऊ देत नाहीत. त्यामुळे तेल चांगले असूनही त्यातील गंधद्रव्य बिघडलेले असू शकते. अशा तेलाने रुग्णाच्या अंगावर पुरळ उठले, की वैद्य कल्कद्रव्यांवर संशय घेतो, चिकित्सा बदलतो, आणि निर्दोष औषध बदनाम होते.

संत्र्याऐवजी लिंबाच्या सालीचे दाबून काढलेले तेल वापरणे अधिकच अनुचित. त्यात बाकुचीतील सोरॅलेनच्या कुळातील द्रव्ये असतात. बाकुची लावून उन्हात बसविल्याचा परिणाम आपण श्वित्रचिकित्सेत जाणतो; तोच परिणाम अभ्यंगानंतर उन्हात गेलेल्या रुग्णावर नकळत घडू नये.

खमंग आधारासाठी पूर्व विदर्भाच्या जंगलातील चारोळीचाही विचार करता येतो. चरकाने प्रियाल श्रमहर व उदर्दप्रशमन या दोन्ही गणांत सांगितला आहे. तथापि चारोळी, काजू आणि बिब्बा ही एकाच कुलातील झाडे आहेत. बिब्बा उतल्याचा किंवा काजू न सोसल्याचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास हे तेल देताना सावध असावे.

यास्तव फार्मसीचालकांना आमची विनंती आहे. सालीचे तेल लहान, काठोकाठ भरलेल्या, गडद काचेच्या बाटल्यांत थंड जागी ठेवावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि वास उग्र वा टर्पेंटाइनसारखा झाला, की ती बाद करावी. सुगंधी तेल एकदम मोठ्या प्रमाणात न करता लागेल तसे करावे व गंधद्रव्याचे नाव वेष्टनावर द्यावे. वैद्यांनी तेल प्रथम प्रकोष्ठावर थोडेसे लावून एक-दोन दिवस पाहावे. बालके, गर्भिणी आणि त्वग्विकाराचे रुग्ण यांना निर्गंध तेलच द्यावे.

अभ्यंगाचे गुण स्नेहाचे व त्यात सिद्ध केलेल्या औषधींचे आहेत. सुगंधाने रुग्णाचे मन प्रसन्न होते, हा लाभ लहान नाही. मात्र त्याची किंमत रुग्णाच्या त्वचेला मोजावी लागू नये.