बारा व्होल्टचा चटका

‘बारा व्होल्टनं काय होतंय?’ हे वाक्य गॅरेजमध्ये, रिक्षा स्टँडवर आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये सर्रास ऐकू येते. ते निम्मे खरे आहे. मोटारीच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना कोरडे हात लावले तर शॉक बसत नाही. कोरड्या त्वचेचा विरोध काही हजार ओहम असतो, त्यामुळे शरीरातून जेमतेम दोन-तीन मिलिअँपिअर प्रवाह जातो. पण याच बॅटरीच्या दोन टोकांवर लोखंडी पाना आडवा पडला, तर त्यातून हजार अँपिअरच्या घरात प्रवाह वाहू शकतो. बारा व्होल्टची बॅटरी शॉक देत नाही, ती भाजते. घरी बनवलेल्या बॅटरी केबलचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि मध्ये मिठागरे. अशा खाऱ्या, दमट हवेत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या टर्मिनलवर पांढरी, हिरवट-निळी भुकटी जमते. नट गंजतात, केबलचे टोक आतून खराब होते. मग पावसाळ्यात एखाद्या सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘टक’ आवाज येतो. दोष बॅटरीला दिला जातो. पुष्कळदा बॅटरी ठीक असते, बिघडलेली असते ती तिच्या निगेटिव्ह टोकापासून गाडीच्या बॉडीला आणि इंजिनाला जाणारी काळी केबल, म्हणजे ‘अर्थ’. मग घरातल्या फिटिंगची उरलेली वायर किंवा वेल्डिंगच्या केबलचा तुकडा घेतला जातो, टोके पिळून बोल्टखाली दाबली जातात. गाडी चालू होते आणि काम फत्ते झाले असे वाटते.

घरातले अर्थिंग जमिनीत जाते. रबरी टायरवर उभ्या असलेल्या गाडीचा जमिनीशी असा संबंध नसतो. गाडीत ‘अर्थ’ म्हणजे प्रवाहाच्या परतीचा रस्ता. पॉझिटिव्ह केबलमधून गेलेला प्रवाह स्टार्टर, दिवे, हॉर्न यांतून जाऊन लोखंडी बॉडीमार्फत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला परत येतो. शरीराशी तुलना करायची तर पॉझिटिव्ह केबल ही धमनी आणि अर्थ ही शीर. जितके रक्त धमनीतून जाते, तितकेच शिरेतून परत यावे लागते. म्हणून अर्थची केबल पॉझिटिव्ह केबलइतकीच जाड लागते. ‘ती तर नुसती अर्थची वायर’ म्हणून बारीक घेणे हीच पहिली चूक.

आकडे पाहिले की हे पटते. छोट्या मोटारीचा स्टार्टर इंजिन फिरवताना सहज १५० अँपिअर प्रवाह ओढतो. समजा, पिळून दाबलेल्या सांध्याचा विरोध फक्त ०.०१ ओहम आहे. तरी तिथे दीड व्होल्ट वाया जातात आणि २२५ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंग इस्त्री २५ ते ६० वॉटची असते. म्हणजे बोटभर सांध्यावर चार-पाच इस्त्र्या एकदम टेकवल्यासारखे झाले. एकदोन सेकंदांत गाडी चालू झाली तर निभावते. चालू होत नाही म्हणून पुन्हा पुन्हा सेल्फ मारला, तर वेष्टण वितळते आणि धूर येतो. घरात प्रमाणाबाहेर प्रवाह वाहिला की एमसीबी पडतो. स्टार्टरच्या जाड केबलच्या वाटेवर बहुधा फ्यूजच नसतो.

अर्थचा रस्ता अगदीच तुंबला, तर प्रवाह आडवाट शोधतो. यकृताच्या सिऱ्होसिसमध्ये रक्ताचा नेहमीचा रस्ता अडतो, तेव्हा ते अन्ननलिकेच्या नाजूक शिरांतून वाट काढते. त्या शिरा फुगतात आणि कधी फुटतात. गाडीतही तसेच होते. इंजिनापासून बॉडीपर्यंत जोडलेली ॲक्सिलरेटर किंवा क्लचची बारीक पोलादी केबल हा भार उचलू लागते. तिच्या आतले प्लास्टिक वितळते, ती अडकते, तापून लाल होते. इंजिनाजवळ पेट्रोलचा पाइप असतो, हे वेगळे सांगायला नको.

तारेच्या धातूकडेही लक्ष हवे. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही केबल बाहेरून तांब्याच्या दिसतात, आत मात्र ॲल्युमिनियम असते. ॲल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. शिवाय ओल्या, खाऱ्या हवेत तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते. आज घट्ट बसलेला सांधा अशा हवेत फार दिवस टिकत नाही.

भाजण्याचा सर्वात फसवा प्रकार अंगठीचा. बोटात सोन्याची अंगठी, हातात पाना. पाना पॉझिटिव्ह टोकावर आणि अंगठी बॉडीला टेकलेली. सोने उत्तम वाहक आहे. क्षणभरात अंगठी तापते आणि बोटाभोवती कड्यासारखी जखम होते. ती पांढरट, कोरडी आणि कमी दुखणारी असेल, तर ते बरे लक्षण नाही. खोल भाजल्याने वेदना कळवणाऱ्या नसाच जळालेल्या असतात. नंतर सूज आली की बोटाचा रक्तपुरवठा अडतो. अंगठी, कडे, धातूचा पट्टा, गळ्यातली साखळी काढल्याशिवाय बॅटरीला हात लावू नये.

दुसरा धोका डोळ्यांना. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत तो ४ ते ७५ टक्के असला की एवढ्याशा ठिणगीनेही पेटतो. सैल केबल टर्मिनलवर ठेवताना उडते तीच ठिणगी पुरते. बॅटरी फुटली की प्लास्टिकचे तुकडे आणि सुमारे ३५ टक्के गंधकाम्ल थेट वाकून पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर येते. बुबुळाचा पारदर्शक पडदा यात कायमचा गढूळ होऊ शकतो.

म्हणून काही साधे नियम पाळावेत. केबल काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह. निगेटिव्ह सुटलेली असली की पाना चुकून बॉडीला लागला तरी प्रवाहाचा फेरा पूर्ण होत नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी चालू करताना शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर नको, तिच्यापासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूवर लावावा. गॅरेजमध्ये केबल बदलून घेताना चार गोष्टी विचाराव्यात. तार शुद्ध तांब्याची आहे का? मूळ केबलइतकी जाड आहे का? टोकाचा लग हातोडीने न ठोकता क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबला आहे का? आणि बॉडीवर लग बसवण्याआधी तिथला रंग व गंज खरवडला आहे का? रंगातून वीज जात नाही. घरातल्या गिझरची वायर साधारण ४ चौरस मिलिमीटरची असते, तर छोट्या मोटारीच्या बॅटरी केबलला १६ ते ३५ चौरस मिलिमीटर लागतात. टर्मिनलवरची भुकटी फुंकू नये. तिच्यात शिशाचे क्षार असतात. हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. इलेक्ट्रिक वाहनांतल्या नारिंगी केबलना तर हातच लावू नये. तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि शॉक जीव घेऊ शकतो.

एवढे करूनही अपघात झालाच, तर पहिली वीस मिनिटे महत्त्वाची. ॲसिड डोळ्यात गेले तर डोळा चोळू नये. पापण्या उघड्या धरून नळाच्या मंद धारेखाली किमान वीस मिनिटे धुवावा. डोळ्यात खाण्याचा सोडा, दूध, गुलाबपाणी काहीही घालू नये. धुऊन झाल्यावर लगेच नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जावे. त्वचेवर ॲसिड उडाले तर भिजलेले कपडे काढून भरपूर पाणी ओतावे. भाजलेल्या बोटावर साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे, बर्फ नको. सूज येण्याआधी अंगठी काढावी; कातडीला चिकटली असेल तर ओढू नये. टूथपेस्ट, हळद, शाई, तेल यांतले काहीही लावू नये. जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

बॉनेटमधून धूर येत असेल तर इंजिन बंद करून सर्वांनी गाडीतून उतरून लांब जावे. बॉनेट उघडून पाहू नये, कारण हवा मिळाली की आग भडकते. अग्निशमन दलासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक फिरवावेत.