जिंकलेल्या पक्षकाराचा पत्ता

अरबी समुद्राच्या पैलतीरावरील मस्कत बंदरात कच्छ-मांडवीच्या भाटिया व्यापाऱ्यांच्या पेढ्या ज्या काळी भरभराटीस आल्या होत्या, त्या काळी तेथील ब्रिटिश हिंदी प्रजाजनांचे दिवाणी तंटे सुलतानाच्या काजीपुढे न जाता ब्रिटिश कॉन्सलच्या न्यायासनापुढे चालत. आणि १८६७ च्या राजाज्ञेने रीतसर स्वरूप मिळालेल्या त्या व्यवस्थेत कॉन्सलच्या निवाड्यावरील अपील मुंबईच्या उच्च न्यायालयात जाई. हुंडीचा किंवा गलबताच्या भाड्याचा वाद मस्कतेत हरलेल्या मनुष्याने मुंबईस दाद मागितली, म्हणजे जिंकलेल्याच्या हाती त्याची नोटीस पडेपर्यंतचा सारा भरवसा टपालाच्या आगबोटीवर असे. मस्कतेत हिंदी टपालखात्याची कचेरी १८६४ मध्येच उघडली होती. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर मुंबईशी असलेला हा न्यायसंबंध तुटला, आणि १९६७ साली ती परकी न्यायव्यवस्थाही ओमानातून संपुष्टात आली.

आज चित्र उलटे आहे. मस्कत, सोहार, सलालाह येथे नोकरीधंद्यानिमित्त बिऱ्हाड केलेल्या मराठी कुटुंबांचे जमिनीचे, वाटपाचे आणि वहिवाटीचे दावे रत्नागिरी, सातारा, सोलापूर येथील दिवाणी न्यायालयांत चालतात, आणि त्यांच्या अपिलांच्या नोटिसा समुद्रापलीकडील माणसास शोधीत हिंडतात. पहिले समन्स येते तेव्हा मनुष्य सावध असतो, वकील नेमतो, कैफियत देतो, तारखा सांभाळतो; परंतु दावा जिंकल्यावर हुकूमनाम्याची नक्कल कपाटात ठेवून तो निर्धास्तपणे परदेशी निघून जातो. नेमक्या त्याच काळात हरलेल्या पक्षास जिल्हा न्यायालयात तीस दिवसांच्या आत, उच्च न्यायालयात नव्वद दिवसांच्या आत, आणि विलंबमाफीचा अर्ज मंजूर झाल्यास त्याहूनही पुढे, अपील गुदरता येते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की अपिलाची नोटीस ही मूळ समन्साहून अधिक धोक्याची असते, कारण ती अशा माणसास यावयाची असते की ज्याने वाट पाहणेच सोडून दिले आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४१ व्या आदेशातील १४ व्या नियमान्वये अपिलाच्या सुनावणीच्या तारखेची नोटीस अपील न्यायालयाच्या इमारतीत लावली जाते, तशीच एक खालच्या न्यायालयाकडे रवाना होते, आणि जाबदेणारावर ती समन्साच्याच रीतीने बजावली जाते. ही रीत पाचव्या आदेशात सांगितली आहे. बेलिफाने आधी खुद्द मनुष्य शोधावा. तो घरी नसेल व वाजवी अवधीत भेटण्याचा संभव नसेल, तर त्याच्यासह राहणाऱ्या कुटुंबातील सज्ञान स्त्री वा पुरुषाकडे कागद द्यावा. नोकर हा कुटुंबीय धरला जात नाही. आणि काहीच इलाज न चालल्यास नोटीस दारावर डकवून, घर कोणी दाखविले व ते कोणासमक्ष डकविले याचा अहवाल न्यायालयास सादर करावा. आता वाटपाच्या दाव्याचा विचार करा. गावच्या घरात राहणारा सज्ञान कुटुंबीय म्हणजे पुष्कळदा तो भाऊच असतो की ज्याने अपील केले आहे, आणि दारावर डकवलेला कागद प्रथम त्याच्याच दृष्टीस पडतो. वर्षानुवर्षे मस्कतेत राहणाऱ्या मनुष्याविषयी तो त्या भावासह एका घरात राहतो असे म्हणता येईल काय, हा प्रश्न अशा प्रकरणी जाबदेणाराने न्यायालयापुढे ठामपणे मांडावयास हवा.

आपले वकील आहेतच, ते पाहून घेतील, असा भरवसा पुष्कळांना वाटतो, पण तो अपुरा आहे. वकीलपत्र अपिलापर्यंत चालू राहते असे तिसऱ्या आदेशात म्हटले असले, तरी ज्या न्यायालयापुरते वकील नेमले त्याखेरीज अन्य न्यायालयाची नोटीस त्यांच्यावर बजावण्यास, पक्षकाराने वकीलपत्रात तशी स्पष्ट संमती दिलेली असावी लागते. बहुतेक पक्षकार वकीलपत्र न वाचताच सही करतात, ही आपल्याकडील खेदाची गोष्ट आहे.

सर्वांत महत्त्वाचा नियम सहाव्या आदेशातील १४-अ हा आहे. प्रत्येक पक्षकाराने न्यायालयास आपला पत्ता द्यावयाचा असतो. तो रीतसर बदलला जाईपर्यंत त्या दाव्यातीलच नव्हे तर त्यावरील अपिलातील आणि अंमलबजावणीतील सर्व कागदांसाठी तोच पत्ता ग्राह्य धरला जातो, आणि अंतिम निकालानंतरही दोन वर्षे त्याचे बळ टिकते. दहा वर्षांपूर्वी सोडलेल्या डोंबिवलीच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता कागदोपत्री राहिला असेल, तर तेथील बजावणी ही पक्षकार तेथेच राहत असल्याप्रमाणे समजली जाते. पत्ता बदलण्यास एक साधा अर्ज पुरतो, परंतु तो पक्षकारालाच द्यावा लागतो.

खुद्द ओमानमध्ये वाद उद्भवला तर तेथील व्यवस्थाही तीन पायऱ्यांची आहे : प्राथमिक न्यायालय, अपील न्यायालय आणि मस्कतचे सर्वोच्च न्यायालय. २००२ च्या दिवाणी व व्यापारी प्रक्रियेच्या कायद्याने अपिलास तीस दिवसांची व सर्वोच्च न्यायालयात जाण्यास चाळीस दिवसांची मुदत ठरवली. ही मुदत सामान्यतः निकालापासून मोजली जाते, मात्र जो पक्ष एकाही तारखेस हजर नव्हता त्याच्या बाबतीत निकाल बजावल्यापासून. कामकाज अरबीत चालते, तेव्हा हाती आलेला कागद त्याच दिवशी जाणकाराकडून वाचवून घेणे इष्ट. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारत आणि ओमान यांनी दिवाणी व व्यापारी बाबींतील न्यायविषयक सहकार्याच्या करारावर मस्कतेत सह्याही केल्या आहेत.

पत्त्याची खबरदारी घेऊनही भारतातील अपील एकतर्फी निकालात निघाले, तर ४१ व्या आदेशाचा २१ वा नियम दरवाजा उघडा ठेवतो : नोटीस यथायोग्य बजावली नव्हती असे दाखविल्यास अपिलाची फेरसुनावणी मागता येते. त्यास मुदत तीस दिवसांची असून, नोटीस मिळालीच नसेल तेथे ती निकालाची माहिती झाल्यापासून मोजली जाते. आणि मुदतीच्या कायद्यातील स्पष्टीकरणाप्रमाणे वृत्तपत्रातील जाहिरातीसारखी पर्यायी बजावणी या कामी यथायोग्य बजावणी गणली जात नाही. रत्नागिरीच्या स्थानिक पत्रातील जाहिरात सलालाहच्या माणसाने वाचली असेल असे गृहीत न धरणारा हा विचार मला अत्यंत न्याय्य वाटतो.

म्हणून परदेशी निघणाऱ्या प्रत्येक जिंकलेल्या पक्षकारास माझी कळकळीची विनंती आहे की त्याने न्यायालयात बदललेल्या पत्त्याचा अर्ज द्यावा, विश्वासू माणसास कुलमुखत्यारपत्र द्यावे, आणि आपल्या गैरहजेरीत हुकूमनाम्यास स्थगिती मिळू नये यासाठी अपील न्यायालयात कॅव्हेट दाखल करावे. त्याची मुदत नव्वद दिवसांची असते, आणि ती सरल्यावर ते पुन्हा दाखल करावे लागते.