बोलके यंत्र आणि जबाबदार माणूस



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात अशी शंका आली असेल की, चॅटबॉट हा शहरातील मोठ्या कंपन्यांचा विषय; तो सुरगाण्यात कशासाठी? शंका रास्त आहे. परंतु या तालुक्यात लोकसंपर्काचे काम कोण कोण करते याचा विचार केला म्हणजे तिचे उत्तर आपोआप मिळते. वर्तमानपत्राला बातमी पाठविणारा वार्ताहर, ग्रामपंचायतीची नोटीस लिहिणारा कर्मचारी, लसीकरणाचा निरोप पाड्यापाड्यावर नेणारी आशाताई, हतगड-बोरगावच्या बाजूला पिकणाऱ्या स्ट्रॉबेरीची जाहिरात मोबाइलवर पाठविणारा तरुण शेतकरी, हे सारे एकच काम करीत असतात. एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजेल अशा रीतीने पोचविणे, हे ते काम होय. पूर्वी ते कोतवालाची दवंडी करी. दवंडीत काही चुकले तर लोक कोतवालालाच जाब विचारीत. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी, कारण शेवटी मला तिच्याकडेच परत यावयाचे आहे.

प्रथम या यंत्रांची थोडी कुळकथा पाहू. माणसाशी लिहून संभाषण करणारा संगणकाचा कार्यक्रम काही कालपरवाचा नव्हे. अमेरिकेत एम. आय. टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 1966 साली ‘एलायझा’ नावाचा असा कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचेच वाक्य थोडे फिरवून त्याला प्रश्न म्हणून परत देई. त्याला कळत काहीच नव्हते. तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले आणि हे पाहून स्वतः वायझेनबाउम अस्वस्थ झाले. यंत्र नीट बोलू लागले की त्याला समजतेही, असे आपण धरून चालतो. हा माणसाचा जुना स्वभाव आहे आणि आजच्या विषयात तोच सर्वांत धोक्याचा आहे.

आजच्या पद्धतीचे चॅटबॉट सर्वसामान्यांच्या हाती आले ते 30 नोव्हेंबर 2022 रोजी, ‘ओपनएआय’ कंपनीने ‘चॅटजीपीटी’ खुले केले तेव्हापासून. 2023 च्या मार्चमध्ये ‘अँथ्रॉपिक’चा ‘क्लॉड’ आला. गूगलने त्याच वर्षी ‘बार्ड’ काढला आणि 2024 च्या फेब्रुवारीत त्याचे नाव ‘जेमिनी’ असे ठेवले. मायक्रोसॉफ्टचा ‘कोपायलट’ आहे. 2024 च्या मध्यास ‘मेटा एआय’ भारतात व्हॉट्सॲपच्या आतच येऊन बसला. त्यामुळे ज्यांनी चॅटबॉट कधी मागितला नाही त्यांच्याही हातातील मोबाइलमध्ये तो आला. नावे निरनिराळी असली तरी यंत्रांची जात एकच आहे. म्हणून एकाचा स्वभाव नीट ओळखला की दुसऱ्याशी व्यवहार करणे कठीण जात नाही.

हा स्वभाव कोणता? मी जर म्हटले, “राब भाजला, रोप तयार झाले, पाऊस लागला, आता –” तर येथील कोणीही ‘आवणी’ हा शब्द उच्चारील. आपण तो शब्द कोशात शोधीत नाही. वर्षानुवर्षे ऐकल्यामुळे तो तोंडात येतो. चॅटबॉटचे कामही याच धर्तीवर चालते. अफाट छापील व संगणकीय मजकुरातून त्याने कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव किती, हे शिकून घेतलेले असते. मग माणसांनी त्याची उत्तरे तपासून, ‘हे बरे, हे वाईट’ असे सांगून त्याला आणखी वळण लावलेले असते. आपण प्रश्न विचारला की, तो एकेक तुकडा जुळवीत उत्तर तयार करतो. फरक इतकाच की, आपण राब भाजताना पाहिला आहे, चिखलात उभे राहून आवणी केली आहे. त्याने फक्त शब्द पाहिले आहेत.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली अशी की, वाक्य सफाईदार असणे आणि ते खरे असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ठाऊक नसलेल्या ठिकाणीही यंत्र त्याच आत्मविश्वासाने वाक्य पुरे करू शकते. दुसरी अशी की, जे विपुल लिहिले गेले त्याचे त्याला चांगले ज्ञान असते. जे थोडे लिहिले गेले त्याचे तुटपुंजे. मराठीचा मजकूर इंग्रजीच्या मानाने फार कमी आहे आणि सुरगाण्याविषयीचा तर त्याहूनही कमी. तिसरी अशी की, त्याला विचारणाऱ्याची मर्जी राखण्याकडे कल असतो. आपण ठासून म्हटले, “तुझे चुकले,” तर बरोबर असलेले उत्तरही तो पुष्कळदा बदलतो.

मग त्याची ओळख करून कशी घ्यावी? नवा मजूर कामावर घेताना आपण त्याला ज्या कामातले आपल्याला कळते तेच काम आधी देऊन पाहतो. येथेही तोच नियम लावावा. ज्या प्रश्नाचे उत्तर आपणास पक्के ठाऊक आहे, तोच प्रश्न आधी विचारावा. सुरगाण्याच्या माणसाला अशा प्रश्नांची वाण नाही.

पहिला प्रश्न आपल्या लोकांविषयीचा घ्या. या भागात कोकणा समाजाची वस्ती मोठी आहे. शासनाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘कोकणा, कोकणी, कुकणा’ अशी नावे एकत्र येतात. दुसरीकडे, गोव्याची व किनाऱ्याची कोकणी भाषाही आहे. तेव्हा “कोकणी लोकांच्या सणांची माहिती दे,” एवढेच विचारल्यास यंत्र सुरगाण्यातून थेट समुद्रावर जाण्याचा संभव आहे, कारण त्या कोकणीविषयी छापलेला मजकूर कितीतरी अधिक आहे. “नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातील कोकणा आदिवासी” असे स्पष्ट सांगा आणि डोंगऱ्या देवाच्या उत्सवाविषयी विचारा. मग त्याला किती येते आणि कोठून तो रचून सांगू लागतो, हे आपल्याला तत्काळ दिसेल.

दुसरा प्रश्न शब्दांचा. आपण ज्या धान्याला नागली म्हणतो, त्याला कोकणात नाचणी म्हणतात आणि बाजारात पुष्कळ ठिकाणी रागी. यंत्राकडून पत्रक लिहून घेतल्यास ‘नाचणी’ हा शब्द सहज येईल. तो चूक नाही. पण तो आपल्या शेतातला नव्हे. वाचणारा मनात म्हणतो, “हे आपल्यासाठी लिहिलेले दिसत नाही,” आणि पत्रक खाली ठेवतो. लोकसंपर्काचे निम्मे काम येथेच बिघडते.

तिसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाची वनजमीन 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून त्याच्या ताब्यात असावी लागते. जे अनुसूचित जमातीचे नाहीत, त्यांना मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तेथे राहून वनावर उपजीविका केल्याचे दाखवावे लागते. समजा, यंत्राने दोन्ही अटी एकत्र करून ‘दावेदाराने 75 वर्षांचा पुरावा द्यावा’ असे सोपे व सुंदर वाक्य लिहिले आणि कोणी ते तसेच गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. पुरावा नाही म्हणून एखादे कोकणा कुटुंब ग्रामसभेकडे दावाच करणार नाही. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही, आणि तरी एका घराची जमीन जाते.

याचा अर्थ ही यंत्रे निरुपयोगी आहेत असा कोणी करू नये. माहितीचा उगम म्हणून ती कच्ची असली तरी लेखनातील मदतनीस म्हणून फार उपयोगी आहेत. मूळ मजकूर आपला असावा आणि काम त्यांच्याकडून करून घ्यावे. “सर्व संबंधितांनी आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत अर्ज सादर करावेत,” अशी नोटीस आली तर ती यंत्राला द्या आणि सांगा, “चौथीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्याला कळेल असे लिही, नवीन काही घालू नकोस, जे मूळ नोटिशीत स्पष्ट नाही ते मला विचार.” ही शेवटची सूचना लाखमोलाची आहे. चांगले यंत्र विचारील: कागदपत्रे कोणती? मुदत कोणत्या तारखेपर्यंत? अर्ज कोणाकडे द्यावयाचा? हे प्रश्न पाड्यावरचा माणूस आपल्याला विचारणारच होता. ते आधीच कळले. पण आपण ही सूचना दिली नाही, तर ते ‘आधार कार्ड आणि रेशनकार्ड आणावे’ असे मनानेच घालण्याचा धोका आहे, कारण अशा नोटिशींत ते शब्द नेहमी येतात.

आणखी दोन पथ्ये सांगतो. काही चॅटबॉट इंटरनेटवर शोध घेऊन उत्तराखाली दुवे देतात. दुवा दिसला एवढ्यावर समाधान न मानता तो उघडून वाचावा. उत्तरातील गोष्ट तेथे खरोखर आहे का, ते पाहावे. दोन यंत्रांचे एकमत झाले तरी तो पुरावा नव्हे, कारण दोघांचे वाचन बव्हंशी एकाच ग्रंथालयातले आहे. दुसरे पथ्य खाजगी माहितीचे. रुग्णांची नावे, आधार क्रमांक, लाभार्थ्यांच्या याद्या यंत्राला देऊ नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे 2023 साली झाला आहे. पण कायदा नसता तरीही, लोकांनी विश्वासाने सांगितलेले परक्याच्या हवाली न करणे हा या व्यवसायाचा पहिला धर्म आहे.

आता त्या कोतवालाकडे वळू. कॅनडात ‘एअर कॅनडा’ या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटने, आजी वारल्यामुळे प्रवास करणाऱ्या एका माणसाला भाड्याच्या सवलतीविषयी चुकीची माहिती दिली. वाद न्यायाधिकरणापुढे गेला तेव्हा, चॅटबॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, अशा स्वरूपाचा बचाव कंपनीने केला. 2024 च्या फेब्रुवारीत न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यावयास लावली. न्यू यॉर्क शहराने 2023 साली व्यावसायिकांसाठी असाच एक चॅटबॉट सुरू केला. पुढल्या वर्षी पत्रकारांनी त्याची परीक्षा घेतली, तेव्हा तो कायद्याच्या विरुद्ध सल्ला देत असल्याचे आढळले. दोन्ही ठिकाणी धडा एकच मिळाला. दवंडी यंत्राने पिटली तरी जाब माणसालाच द्यावा लागतो. यंत्राला गाव नाही, अब्रू नाही. उद्या बाजारात त्याला कोणी गाठणार नाही. आपल्याला गाठतील, आणि तेच योग्य आहे.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने 2025 साली आदिवासी भाषांच्या भाषांतरासाठी ‘आदि वाणी’ नावाची व्यवस्था सुरू केली. तिच्यात आरंभी संताली, भिली, मुंडारी आणि गोंडी या चार भाषा घेतल्या. कोकणा त्यांत नव्हती. भाषा यंत्रात जाते ती लिहिलेल्या व ध्वनिमुद्रित केलेल्या मजकुरातून. आपल्या बोलीतील शब्द, शेतीच्या रीती, ओहोळांची आणि डोंगरांची नावे जर आपण लिहून ठेवली नाहीत, तर उद्याची यंत्रे आपल्या नातवंडांना सुरगाण्याची माहिती देतील ती बाहेरच्यांनी घाईत लिहिलेल्या चार ओळींवरून. नातवंडांना ती खरी वाटेल, कारण ती अतिशय गोड भाषेत सांगितलेली असेल.

म्हणून माझी विनंती आहे की, या यंत्रांना घाबरू नका आणि त्यांच्यापुढे दिपूनही जाऊ नका. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टींवर त्यांची परीक्षा घ्या, मसुद्याला त्यांची मदत घ्या, पाठविण्यापूर्वी प्रत्येक तारीख, रक्कम आणि अट मूळ कागदाशी ताडून पाहा, आणि ज्याला निरोप पोचवावयाचा आहे अशा एका माणसाला तो आधी वाचून दाखवा. त्याला कळला, तर तो निरोप खरा.