प्रकल्पाचा प्रश्न मडक्याएवढा असावा

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की मुले ‘प्रदूषण’, ‘ऊर्जा’ असे काहीतरी घेऊन येतात. हे विषय झाले, प्रश्न नव्हेत. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत भर आहे तो भोवतालच्या, मोजता येणाऱ्या प्रश्नावर.

आपण मडके घेऊ. त्यातले पाणी बाष्पीभवनामुळेच गार होते का? दोन सारखी, कोरडी मडकी घेऊन एकाला बाहेरून तैलरंगाचे दोन हात देऊ. रंग वाळल्यावर दोन्हींत एकेक लिटर पाणी भरून ती शेजारी शेजारी ठेवू आणि दर तासाला पाण्याचे तापमान व भरल्या मडक्याचे वजन वहीत लिहू.

१ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे १० ग्रॅम पाणी उडाले, तर उरलेल्याचे तापमान जवळजवळ ६ अंशांनी उतरायला हवे. प्रत्यक्षात ते तेवढे उतरत नाही. का बरे? भोवतालची हवा सतत उष्णता देत असते आणि मडकेही गार व्हावे लागते.

इथेच आपली, शिक्षकांची, कसोटी लागते. ‘चुकलेला’ आकडा खोडायला सांगितला, तर तक्ता देखणा होतो आणि संशोधन संपते. आकडा तसाच ठेवून मुले कारण शोधू लागली, की प्रकल्प खऱ्या अर्थाने सुरू होतो.