बेंटली स्वस्त होते, तिचे सुटे भाग नाहीत

2003 साली बेंटलीने कॉन्टिनेन्टल जीटी आणली, तेव्हा ब्रिटनमध्ये तिची किंमत 1 लाख 10 हजार पौंड होती. त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या गाड्या आज तिथल्या जुन्या बाजारात 20 हजार पौंडांच्या आसपास उभ्या असतात. शोरूममधली नवी फोक्सवॅगन गोल्फ याहून महाग पडते. सहा लिटरचं बारा सिलिंडरी इंजिन, दोन टर्बो, 552 अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, ताशी 318 किलोमीटर कमाल वेग, आणि बेंटलीच्या क्रू इथल्या कारखान्यात हाताने शिवलेल्या चामड्याच्या सीटा. एवढं सगळं हॅचबॅकच्या भावात मिळतंय म्हटल्यावर भल्याभल्या हिशेबी माणसाचाही हात फोनकडे जातो.

या जातीच्या गाड्यांना ग्रँड टूरर म्हणतात. दोन माणसं आणि त्यांचं सामान घेऊन एका दिवसात अर्धा युरोप ओलांडायचा आणि उतरताना कंबर धरायची नाही, एवढ्यासाठी त्या बनवल्या जातात. रेसट्रॅकवरची हलकी, कडक स्पोर्ट्स कार वेगळी. कॉन्टिनेन्टलचं वजन जवळजवळ 2,400 किलो आहे. या गाड्यांबद्दल समज मात्र फार आहेत, आणि त्यातले बरेचसे खिशाला महाग पडणारे आहेत.

गैरसमज : एवढी महाग गाडी भाव धरून ठेवणारच

गाडी जितकी महाग, तितका तिचा भाव जोरात पडतो, असाच साधारण नियम आहे. पोर्शे 911 सारखे अपवाद आहेत, पण ते अपवादच. पहिलं कारण कराचं. 2003 साली ब्रिटनमध्ये व्हॅट साडेसतरा टक्के होता, म्हणजे 1 लाख 10 हजारांतले सोळा हजारांहून अधिक पौंड सरकारचे. गाडी विकताना ते कुणी परत देत नाही. दुसरं कारण हौसेचं. पहिल्या मालकाने खास रंग, खास शिलाई, भारी म्युझिक सिस्टीम यांवर केलेल्या खर्चाला दुसरं गिऱ्हाईक फारसं मोल देत नाही. तिसरं कारण खरं दुखणं आहे. नवी बेंटली घेऊ शकणारा माणूस जुनी घेत नाही आणि जुनी घेऊ शकणाऱ्याला तिच्या देखभालीची धास्ती असते. विकणारे बरेच, घेणारे थोडे. त्यात 2011 आणि 2018 साली नवी पिढी आली, तेव्हा मागच्या पिढीच्या गाड्या एका फटक्यात 'जुनं मॉडेल' झाल्या.

गैरसमज : मग घसारा हाच मोठा धोका

पहिल्या मालकासाठी, हो. पंधरा-वीस वर्षांची गाडी घेणाऱ्यासाठी नाही. 1 लाख 10 हजारांवरून 20 हजारांवर येताना गेलेले 90 हजार पौंड आधीच्या मालकांनी सोसले आहेत. आता समजा तुम्ही 20 हजारांना घेतली आणि तीन वर्षांनी 16 हजारांना विकली. बुडाले चार हजार. नवी कोरी साधी गाडी याच तीन वर्षांत यापेक्षा जास्त बुडवू शकते. इथवरचा हिशेब जुन्या बेंटलीच्या बाजूचा आहे आणि तो खोटा नाही. फक्त तो अर्धा आहे.

गैरसमज : किंमत उतरली की खर्चही उतरतो

राहिलेला अर्धा हिशेब असा. गाडीची किंमत बाजार ठरवतो. सुट्या भागांची किंमत आणि मजुरी मात्र गाडी नवी असताना ज्या पातळीवर होती, तिथेच राहते, किंबहुना वाढते. वीस हजारांच्या गाडीला बिल येतं ते लाखाच्या गाडीचं.

डब्ल्यू12 इंजिनाचं उदाहरण घ्या. सहा सिलिंडरची दोन अरुंद इंजिनं एकाच क्रँकशाफ्टवर जोडावीत अशी त्याची रचना आहे. त्यामुळे बारा सिलिंडर असूनही ते आखूड आहे. पण त्या आखूडपणाची किंमत मेकॅनिकला मोजावी लागते, म्हणजे शेवटी मालकाला. दोन्ही बाजूंना टर्बो आहेत, आणि नळ्या, होज, वायरी अशा ठासून भरल्या आहेत की हात घालायला जागा नाही. टर्बोची तेलनळी गळू लागली किंवा मागच्या बाजूचा पाण्याचा पाइप फुटला, तर काम नळीचं असतं आणि मजुरी इंजिन खाली उतरवण्याची. या गाड्यांवर काम करणाऱ्या जुन्या मेकॅनिकांचा एक शिरस्ता आहे. इंजिन एकदा बाहेर आलंच आहे, तर रबराचं जे जे दिसतं ते सगळं बदलून टाकायचं. शहाणपणाचंच आहे, पण बिल वाढतं ते तिथेच.

सस्पेन्शन हवेचं आहे. चारही कोपऱ्यांवर हवेचे फुगे आणि त्यांना हवा पुरवणारा एक कॉम्प्रेसर. एखादा फुगा झिरपू लागला की तो भरत राहण्यासाठी कॉम्प्रेसर रात्रंदिवस राबतो आणि शेवटी तोही जातो. फुगा वेळीच बदलला असता, तर एकाच भागाचे पैसे गेले असते. पुढच्या ब्रेक डिस्क 405 मिलिमीटर व्यासाच्या आहेत. गाडी आली तेव्हा उत्पादनातल्या गाड्यांमध्ये एवढ्या मोठ्या डिस्क कुणाच्या नव्हत्या. टायर 275 मिलिमीटर रुंद, रिम किमान 19 इंची. यातलं काहीही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

पेट्रोलचा हिशेब तर सरळ आहे. लिटरला सहा किलोमीटर धरले, वर्षाला दहा हजार किलोमीटर आणि लिटरला 1.40 पौंड, तर वर्षाचे सव्वादोन हजारांहून अधिक पौंड. लोक याचीच भीती घालतात, पण खरं तर हाच खर्च आधी कळणारा आणि सोसवणारा आहे.

थोडा दिलासाही आहे. बेंटली 1998 पासून फोक्सवॅगनकडे आहे आणि या गाडीचा सांगाडा फोक्सवॅगन फेटॉनशी नातं सांगतो. काही भाग दोन्हींना सारखेच आहेत, फक्त पाकिटावरचं नाव वेगळं. चांगला मेकॅनिक अशा भागांची यादी डोक्यात ठेवून असतो. ब्रिटनमध्ये एक तारीखही ध्यानात ठेवावी : 23 मार्च 2006. त्याआधी नोंदलेल्या गाडीला रस्ताकराचा एक टप्पा लागतो, त्या दिवशी किंवा नंतर नोंदलेल्या तशाच गाडीला त्यावरचा. फरक वर्षाला तीनशे पौंडांहून जास्त.

गैरसमज : कमी रनिंगची गाडी म्हणजे सोनं

हा समज पुण्या-मुंबईतही तेवढाच पक्का आहे. उभी राहिलेली गाडी झिजत नाही असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सील सुकतात, फुगे तडकतात आणि डिकीतल्या दोन बॅटऱ्या (एक इंजिन सुरू करायला, दुसरी बाकीच्या विजेच्या सरंजामाला) मरतात. त्या अर्धमेल्या झाल्या की डॅशबोर्डवर नाना इशारे लुकलुकतात आणि मालक नको त्या दुरुस्त्यांच्या मागे लागतो. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर दगडासारखं झालेलं असतं. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. 3517 म्हणजे 2017 सालचा 35 वा आठवडा. वीस हजार किलोमीटरच चाललेल्या गाडीवर असे टायर दिसले तर त्या गाडीची निगा कशी राखली गेली, हे वेगळं विचारायला नको.

ब्रिटनमध्ये तपास सोपा आहे. नंबरप्लेटवरून दरवर्षीच्या एमओटी तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो : त्या दिवशीचं रनिंग, नापास झाली का, कशाबद्दल ताकीद दिली. एकच ताकीद तीन वर्षं लागोपाठ दिसली, तर मालकाने खर्च टाळला आहे हे समजावं. आपल्याकडे सरकारी ॲपवर नोंदणी, विमा आणि कर्जाचा बोजा कळतो. रनिंग कळत नाही. त्यासाठी सर्व्हिसची बिलंच मागावी लागतात.

गैरसमज : बारा सिलिंडर नाहीत तर बेंटली कसली

2024 मध्ये डब्ल्यू12 चं उत्पादन थांबलं, तेव्हापासून ही भाषा वाढली आहे. पण 2012 साली आलेली चार लिटरची व्ही8 वेगाला फारशी कमी नाही, नाकाकडून हलकी आहे, आरामात जाताना निम्मे सिलिंडर बंद ठेवते आणि पेट्रोल बरंच वाचवते. बारा सिलिंडरांचा मान हवा असेल तर गोष्ट वेगळी. चालवायला मला व्ही8 च बरी वाटते.

गैरसमज : ही गाडी रोजच्या कामाची नाही

अर्धं खरं. 2018 च्या पिढीची डिकी 358 लिटरची आहे, बलेनोची 318. चारही चाकांना ताकद असल्याने पाऊस-बर्फात ती घाबरवत नाही. मागच्या सीटा मात्र मुलांसाठीच. सहा फुटी माणसाला तिथे बसवलं तर तो परत येताना रेल्वेने येईल.

खरी अडचण जागेची आहे. ब्रिटनमधली पार्किंगची ठरावीक चौकट 2.4 मीटर रुंद आणि 4.8 मीटर लांब. पहिल्या पिढीची कॉन्टिनेन्टल 4.8 मीटर लांब आणि आरसे सोडून 1.92 मीटर रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम अर्धा मीटर उरतो, आणि दोनदारी गाडी असल्याने दारं चांगली लांब. शेजारी कुणी गाडी लावली की आत शिरणं ही कसरत. मुंबईत यांत्रिक पार्किंग असेल तर आधी पॅलेटची वजनमर्यादा विचारा. आपल्या गतिरोधकांचं तर बोलायलाच नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलाकार हवा. तसा असेल तर ही गाडी सस्पेन्शन उंच करून सहज पार करते. पण सोसायटीच्या वॉचमनने उरलेल्या सिमेंटातून घातलेल्या उंचवट्याला मानक माहीत नसतं.

गैरसमज : तिकडे स्वस्त आहे, येताना घेऊन येऊ

ब्रिटनमधून परतणाऱ्या मराठी माणसाचं हे लाडकं स्वप्न आहे. नियम असा की वापरलेली गाडी उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, उजव्या स्टिअरिंगची असावी आणि ती फक्त मुंबई बंदरातून आत यावी. म्हणजे वीस हजार पौंडांची वीस वर्षांची गाडी मुळात येऊच शकत नाही. नवी आणायची, तर 40 हजार डॉलरपेक्षा महाग गाडीवर 2025 च्या अर्थसंकल्पानंतर मूळ शुल्क 70 टक्के आणि उपकर 40 टक्के, त्यावर 40 टक्के जीएसटी. शिवाय महाराष्ट्रात आयात गाडीवर 20 टक्के एकरकमी कर. ब्रिटनशी जुलै 2025 मध्ये झालेल्या व्यापार करारात शुल्क टप्प्याटप्प्याने आणि ठरलेल्या कोट्यापुरतं कमी करायचं ठरलं आहे. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या : नव्या गाडीचा भाव उतरणार म्हटलं की आपल्याकडची जुनी गाडी त्याआधीच आपटते.

पुद्दुचेरी पासिंगच्या स्वस्त गाडीचा मोहही तसाच. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर एमएच पासिंग करून इथला कर भरावा लागतो. स्वस्ताईतला बराच भाग तिथेच जातो.

गैरसमज : काही झालं तर विमा पूर्ण किंमत देईल

विमा देतो तो ठरलेल्या आयडीव्हीपर्यंत, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीपर्यंत. आपल्या तक्त्यानुसार एक ते दोन वर्षांच्या गाडीला 20 टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. त्यापुढे कंपनी आणि मालक यांच्यात ठरेल ते. दुरुस्तीच्या दाव्यात रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी रक्कम कापली जाते. हवेचे फुगे रबराचेच असतात, हे विसरू नका.

गैरसमज : पुढेमागे क्लासिक होईल, गुंतवणूक समजा

1952 ते 1955 मध्ये बनलेल्या आर-टाइप कॉन्टिनेन्टल फक्त 208 होत्या; त्या आज संग्राहकांच्या गाड्या आहेत. फेरारी 250 जीटीओ 36 बनल्या आणि 2018 मध्ये त्यातल्या एकीला लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलर आले. आजच्या नावाची कॉन्टिनेन्टल जीटी 2020 पर्यंतच 80 हजार झाली होती. ऐंशी हजारांतली एक जपून कुणी श्रीमंत होत नाही.

मग घ्यावी का? गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम वेगळी ठेवता येत असेल, जवळ या इंजिनाचा जाणकार मेकॅनिक असेल आणि घरात रोजची दुसरी गाडी असेल, तर जरूर घ्यावी. वीस हजार पौंडांत याहून मोठं सुख देणारी गाडी मिळणं कठीण. ही निम्मी रक्कम नसेल तर घेऊ नका, हप्त्यावर तर मुळीच नको. आणि बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला सांगा की गाडी आदल्या रात्रीपासून हलवू नका, इंजिनही सुरू करू नका. सकाळी पोचल्यावर एखादा कोपरा खाली बसलेला दिसला, किंवा बॉनेटवर हात ठेवल्यावर इंजिन आधीच गरम लागलं, तर तिथूनच माघारी फिरा.