ट्रेल खरंच सगळ्यात दुर्मिळ असते का?

संध्याकाळची बदलापूर लोकल. चार जणांच्या मांडीवर एक बॅग आडवी होते आणि पत्ते पिसले जातात. दिवाळीत उल्हासनगर-अंबरनाथकडच्या कितीतरी घरांत तीन पत्ती रंगते. म्हणून कुणी मला विचारलं, "पोकर शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" की मी सांगतो, तीन पत्तीपासून कर. पानं कमी, त्यामुळे गणित कागदावर मावतं.

खेळ सोपा आहे. सगळे आधी 'बूट' टाकतात, प्रत्येकाला तीन पानं मिळतात. पानं न बघता खेळलात तर 'ब्लाइंड', बघून खेळलात तर निदान दुप्पट 'चाल'. हातात दम नसेल तर 'पॅक'. शेवटी दोघंच उरले की 'शो'. हातांची उतरती क्रमवारी अशी: ट्रेल (तीन एक्के, तीन राजे वगैरे), प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची ओळीने तीन), सिक्वेन्स, कलर, जोडी आणि मग नुसतं मोठं पान.

जो हात दुर्मिळ तो मोठा, असं सगळे सांगतात. आपण मोजून बघूया.

52 पानांतून तीन निवडायचे प्रकार: 52 × 51 × 50 ÷ 6 = 22,100.

ट्रेल: 13 दर्जे, प्रत्येकात चारांतून तीन पानं 4 प्रकारे. एकूण 52.

प्युअर सिक्वेन्स: एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत 12 ओळी, चिन्हं 4. एकूण 48!

म्हणजे प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मिळ, तरी ट्रेल मोठी. 'थ्री कार्ड पोकर'मध्ये मात्र प्युअर सिक्वेन्सच वर आहे. पुढे साधी सिक्वेन्स 720, कलर 1,096. पाच पानांच्या पोकरमध्ये हे उलटतं: कलर 5,108, सिक्वेन्स 10,200. म्हणून तिथे कलर मोठा.

थोडक्यात, क्रमवारी हा संकेत आहे, मोजणी ही वस्तुस्थिती. दोन्हींची गल्लत महागात पडते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी एक आकडा तीन पेपरांत सापडला म्हणून मी तो तसाच उचलला. नंतर कळलं, तिघांनीही तो एकाच जुन्या पेपरातून घेतला होता. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "तू स्वतः मोजलंस का?" सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

आणखी एक आकडा: 22,100 पैकी 16,440 हातांत जोडीसुद्धा नसते. शंभरातले 74 हात रिकामेच! म्हणून शिकताना पैसे नकोत, काडेपेटीतल्या काड्या पुरेत.

आता तुमची पाळी. जोडीचे हात 3,744 आहेत, म्हणजे 13 × 6 × 48. यातले 48 कुठून आले? माझं ऐकू नका, कागद घ्या आणि मोजा.